अकरावे टोपडे

बाईंच्या टेबलावर तीन नारळ ओळीने मांडलेले होते. त्या खोलीत माझे ते पहिलेच पाऊल. नारळ दिसला की हात आपोआप जोडले जावेत, अशा घरात मी वाढलेली. शेजारीच कोणाची तरी कुंकवाची कोयरी उघडी होती. तिघांत जो सर्वांत लहान, सोललेला आणि शेंडी राखलेला नारळ होता, त्याच्या कपाळी मी भक्तिभावाने बोट टेकवले.

खुर्चीत बसलेल्या बाई चष्म्याच्या वरून हे सर्व पाहत होत्या. माझा नमस्कार पुरा होईपर्यंत त्यांनी मला थांबवले नाही. मग म्हणाल्या, "झालं? आता याला टोपी कशी घालू मी? देव करून ठेवलास तू त्याचा!"

ते पूजेचे नारळ नव्हते. ती तीन डोकी होती. सोललेला तो 'धाकटा', म्हणजे नुकते जन्मलेले मूल. अर्धवट सोललेला तो 'मधला', म्हणजे सहा-आठ महिन्यांचे. आणि मुळीच न सोललेला, असोला, तो 'थोरला', म्हणजे वर्ष ओलांडलेले. आमच्या महिला मंडळाच्या आनंद बाजारासाठी घरोघरी विणलेली जी टोपडी येत, ती बाई या तिघांच्या डोक्यांवर चढवून पाहत. चढताना टोपडे अडले किंवा चढल्यावर भुवयांपर्यंत घसरले, तर ते डावीकडच्या करंडीत जाई. डावी करंडी नापसंतीची. नीट बसले तर उजवीकडे. बाजार संपला की तिन्ही नारळ फोडून त्यांच्या खोबऱ्याच्या वड्या होत आणि त्या दवाखान्यातल्या मुलांना वाटल्या जात. पुढच्या वर्षी नवे तिघे येत, आणि नव्या धाकट्याच्या कपाळी आधी माझे कुंकवाचे बोट, असा मग पायंडाच पडला.

ही गोष्ट धुळ्याची, आणि स्वराज्य येण्याच्या काही वर्षे आधीची. गावातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात मुलांसाठी एक खोली होती. तिच्या खर्चासाठी मंडळ दर मार्गशीर्षात पांझरेच्या काठी बाजार भरवीत असे. खानदेशातली थंडी तेव्हा ऐन भरात असे, त्यामुळे मुलांच्या लोकरी कपड्यांचे टेबल हेच त्या बाजाराचे गाभाऱ्यातले स्थान. त्या टेबलावर काय मांडावे आणि काय मांडू नये, हे एकट्या बाई ठरवीत.

बाईंना सारे गाव 'बाई'च म्हणे. जळगावला मुलींच्या शाळेत त्या कित्येक वर्षे मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्यावर धुळ्यास येऊन राहिल्या होत्या. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांचे कुंकू पुसले गेले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना शिकवण्यात घालवले. देवावर त्यांचा विश्वास होता की नाही, हे मला अखेरपर्यंत कळले नाही. नवसावर मात्र मुळीच नव्हता. "देव काय सावकार आहे, आधी करार आणि मग कृपा?" असे त्या माझ्या तोंडावर म्हणत. मी शास्त्र्यांची मुलगी. वडिलांच्या पाठशाळेत दाराआड बसून शब्दरूपे आणि स्तोत्रे कानांनीच शिकलेली. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझे नाव 'शास्त्रीणबाई' ठेवले. अक्षर बरे म्हणून मंडळाने मला त्यांच्या हाताखाली वही लिहायला बसवले होते.

मी त्यांच्या हाताखाली चार मार्गशीर्ष काढले. एवढ्या काळात त्यांच्या तोंडून जो शब्द मी सर्वांत अधिक वेळा ऐकला, तो म्हणजे "उलटं कर."

कोणतीही विणलेली वस्तू हातात आली की बाई प्रथम ती उलटी करीत. वरची नक्षी, फुले, गोंडे यांकडे त्या पाहतही नसत. "सुलटी बाजू बाजारासाठी असते. उलटी बाजू बाळासाठी," असे त्यांचे म्हणणे. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. पायमोजा असेल तर त्यात बोट घालून त्या तळापासून टाचेपर्यंत फिरवीत. एखादा धागा जरी सुटलेला लागला तरी मोजा डावीकडे. जळगावला असताना अशा सुट्या धाग्याचा पीळ बसून एका तान्ह्या मुलाचे बोट काळेनिळे पडलेले त्यांनी पाहिले होते. मूल दोन दिवस रडत होते आणि घरचे त्याला पोटदुखीची मात्रा देत होते. "त्याला बोलता येत नव्हतं," बाई सांगत, "म्हणून आता माझं बोट बोलतं."

लोकर टोचरी आहे की मऊ, हे त्या स्वतःच्या मानेवर घासून ठरवीत. बाजाराच्या आधीचे आठ दिवस त्यांची मान लालभडक असे. रंग जातो की काय ते पाहायला रिठ्याच्या पाण्याची वाटी जवळ असे. बंद ओढून, गुंडी दाताने हलवून पाहत. हे सर्व करताना त्यांचे तोंड खिडकीकडे असे, म्हणजे ऊन वस्तूवर पडावे आणि आमची तोंडे त्यांना दिसू नयेत.

उलटे करण्याची ही सवय केवळ लोकरीपुरती नव्हती. मंडईत वांगी घेताना त्या देठाकडून पाहत. आलेले पत्र शेवटच्या ओळीपासून वाचीत. "मतलब तिथंच असतो. वर नुसते शिरसाष्टांग नमस्कार." एकदा आमच्या घरी हळदीकुंकवाच्या दिवशी, कुंकू नको म्हणून दाराशीच थांबल्या असताना, मी दाराजवळच्या भिंतीवर लावलेले माझे भरतकाम त्यांनी खिळ्यावरून काढून उलटे करून पाहिले आणि पुन्हा नीट लावले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शास्त्रीणबाई, तुझा मोर पुढून नाचतो आहे, पण मागून त्याला ओढत नेलाय."

निवडीचा नियम त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहवून भिंतीवर लावला होता. गाठोडे आले की त्यावर आकडा पडे. विणणारीचे नाव गाठोडे घेणारीने नावांच्या वेगळ्या वहीत लिहायचे, आणि ती वही निवड संपेपर्यंत मिटलेली. एकदा डावीकडे गेलेली वस्तू पुन्हा उजवीकडे यायची नाही. नापसंत गाठोडे कारणाची एक ओळ लिहून ज्याचे त्याला परत करायचे.

या नियमाने बाईंनी पुष्कळ मने दुखावली. मंडळाच्या अध्यक्षा वकीलकाकू होत्या. मोठ्या मनाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि आपल्या माहेरच्या माणसांविषयी फार हळव्या. त्यांच्या भाचीने पुण्याहून पाठवलेली, वर पीस लावलेली टोपी बाईंनी निमिषार्धात डावीकडे टाकली.

"अहो बाई, पुण्याचं आहे ते!" वकीलकाकूंच्या तोंडून निघून गेले.

"नाव सांगायचं नसतं, काकू."

"नाव कुठं सांगितलं? गाव सांगितलं."

"पीस खाल्लं तर पोराच्या घशात पुण्याचं म्हणून अडकायचं थांबेल का? जळगावला असलं चालत नसे."

जळगावला असले चालत नसे, हे त्यांचे शेवटचे उत्तर असे.

तरीही त्यांच्या न्यायबुद्धीवर कोणी बोट ठेवू शकले नाही, याला कारण एक घडलेला प्रसंग. दुसऱ्या वर्षी नऊ आकड्याच्या गाठोड्यातून पांढऱ्या पायमोज्यांची एक जोडी निघाली. बाईंनी ती उलटी केली, बोट फिरवले, आणि सावकाश म्हणाल्या, "हात म्हातारा झाला आहे हिचा. टाचेशी टाके सैल पडलेत. नापसंत." मी तसे लिहिले. सायंकाळी नावांची वही उघडली तेव्हा नऊ आकड्यापुढे त्यांचेच नाव होते. मी वर पाहिले. बाई छत्री उचलून निघाल्या होत्या. त्या बारा महिने छत्री बाळगीत. दारात थांबून म्हणाल्या, "परत करायची ओळ लिहून ठेव. उद्या नेईन."

आता जे सांगायचे आहे, ते चौथ्या वर्षीचे.

त्या वर्षी सतरा आकड्याचे गाठोडे उघडले आणि आम्ही सर्व जणी पुढे वाकलो. कोऱ्या कापडात अकरा वस्तू होत्या. चार टोपडी, चार पायमोज्यांच्या जोड्या, दोन बिनबाह्यांच्या बंड्या, आणि सर्वांच्या खाली तान्ह्या बाळासाठी एक अगदी इवलेसे टोपडे, धाकट्याच्या मापाचे. लोकर साधी होती, रंग हरभऱ्याच्या घाट्यासारखा फिका हिरवा. नक्षी म्हणावी तर नव्हतीच. पण टाका टाक्याशी असा बसला होता की जणू सुया हलल्याच नाहीत, वस्त्र आपले आपण उगवले.

बाईंनी पहिले टोपडे हाती घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला आनंद होता. मग त्यांनी ते उलटे केले.

आत, डाव्या बाजूला, काळ्या लोकरीचा एक टाका होता. फक्त एक. त्याचे टोक किंचित वर आलेले. बाईंचे बोट त्यावर थांबले. त्यांनी दुसरे उलटे केले. त्यातही एक काळा टाका. तिसऱ्यातही. पुढच्या वस्तूंत त्यांनी बोट फिरवलेच नाही. फक्त उलटे करायचे, काळे पाहायचे, आणि डावीकडे टाकायचे.

"एकदा झाली असती तर चूक म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, दुःखाचा होता. "अकरा वेळा? लोकर संपली म्हणून हाताला लागेल ती जोडली. एवढा देवाने दिलेला हात, आणि ही बेफिकिरी! लिही शास्त्रीणबाई. आतील बाजूस काळ्या लोकरीच्या गाठी. मुलांस अपायकारक. नापसंत."

मी लिहिले.

मला ठाऊक होते. हे मी आज, इतक्या वर्षांनी, देवासमोर दिवा लावून बसल्यासारखे खरे सांगते. अकरा ही गणती कशाची असते आणि लेकराच्या डाव्या बाजूला एकच काळा ठिपका कशासाठी असतो, हे मला पाहताक्षणी कळले होते. ज्या घरात पाळणा हलतो त्या घरातल्या कोणत्याही बाईला ते कळले असते. माझ्या घरात पाळणा दोनदा बांधून दोनदा सोडावा लागला होता, तरी मलाही कळले. कळले नाही ते बाईंनाच, कारण त्यांनी जन्मात कोणाच्या गालाला तीट लावलेली नव्हती.

पण बाईंपुढे कोण बोलणार? मी ओळ लिहिली, बाईंनी खाली सही केली, आणि गाठोडे परत गेले.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही नदीकाठच्या शाळेच्या पटांगणातल्या मांडवात टेबले लावत होतो. उजव्या करंडीतल्या वस्तू मांडून झाल्या होत्या. धाकटा, मधला आणि थोरला हे तिघे टोपडी घालून टेबलाच्या मध्यभागी विराजमान होते. तेवढ्यात एक तरुण मुलगी आत आली. कडेवर दीड वर्षाचे मूल, काखेत ते कोऱ्या कापडाचे गाठोडे. मोटारीच्या प्रवासाने दोघांच्या केसांवर धूळ बसली होती.

"सतरा मनं शे," ती म्हणाली. "बाई कोन शे आठे?"

ती नरडाण्याची होती. नवरा रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. स्टेशनमास्तरांच्या बायकोकडे धुण्याभांड्याला जाताना तिच्याकडूनच ती विणकाम शिकली होती. चिठ्ठीतला आकडा आणि मजकूर त्याच मास्तरीणबाईंनी तिला वाचून दाखवला होता.

"मी," बाई म्हणाल्या. "निकाल बदलत नाही, हे आधीच सांगते."

कडेवरचे मूल खोकले. बाईंचे लक्ष त्याच्याकडे गेले, आणि आयुष्यभराच्या शाळेच्या सवयीने त्यांनी पदराचे टोक पाण्यात भिजवून त्याच्या गालाकडे हात नेला. "काय गं, शाई लागली आहे याच्या गालाला, पुसत का नाहीस?"

त्या मुलीने बाईंचे मनगट धरले. भीतीनेच धरले.

"ऱ्हाऊ द्या, बाई! तीट शे ती."

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी त्या काळ्या ठिपक्याकडे पाहिले. मग गाठोड्याकडे. मग गाठ सोडून वरचा पायमोजा काढला, उलटा केला, आणि आतला काळा टाका मुलाच्या गालाजवळ धरून पाहिला.

"आणि हे?"

"हाव. बठ्ठास्मा शे. बाहेर टाकं तं इकाना मालले डाग लागना म्हनतीन. म्हनीसन आत टाकी." विकायच्या मालाला डाग लागला असे कोणी म्हणू नये, म्हणून तिने सगळ्यांत तीट आतून टाकली होती. मग जरा धीर करून ती म्हणाली, "गाठ नही शे. हात लाई देखा."

बाईंनी बोट फिरवले. सावकाश, टाचेपासून तळापर्यंत. सगळे सपाट होते. त्यांनी एकामागून एक अकराही वस्तू उलट्या केल्या आणि अकराही वेळा बोट फिरवले. फक्त पहिल्या टोपड्यात धाग्याचे टोक वर आले होते. बाकी दहांत काळा टाका इतरांइतकाच नीट बसला होता.

मग हळूहळू सारे कळले. हेच मूल गेल्या थंडीत छाती भरून त्या धर्मार्थ दवाखान्याच्या खोलीत पडले होते. डॉक्टरांनी आशा सोडली त्या दिवशी हिने खाटेशेजारी बसून एकवीरेला नवस केला होता. मूल वाचले तर याच खोलीच्या नावाने अकरा लेकरांच्या अंगावर आपल्या हातचे घालीन. मूल वाचले. वर्षभर ती एकेक वस्तू विणत होती.

"आते एकवीरा मायनीच परत करं," ती म्हणाली, आणि आतापर्यंत आवरलेले पाणी तिच्या डोळ्यांतून वाहू लागले. "गाठोडं घर उनं तवपाशी पोऱ्याले खोकला शे. नवसनं परत उनं, बाई. माय आते पोऱ्याले बी परत मांगी लेई."

मला कितीतरी स्तोत्रे पाठ होती, पण त्या वेळी एकही शब्द आठवेना. तिची भीती मला जितकी खरी वाटत होती, तितकी तिथे कोणालाच वाटत नसावी. कारण माझ्याही पोटात तेव्हा तिसरा महिना होता आणि मी ते घरात नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलेले नव्हते.

बाई खाली वाकल्या. गाठोड्यातली चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली.

"ही सही कोणाची आहे?"

"माले वाचता येस नही."

"माझी आहे. देवीची नाही. तिच्यापर्यंत हे पोचलंच नव्हतं. वाटेत मी अडवलं. तुझ्या एकवीरेला अजून ठाऊकही नाही की तू काही पाठवलं होतंस. समजलं? परत केलं ते एका म्हातारीनं, जिला दिसतं कमी आणि वाटतं की फार दिसतं."

ती मुलगी डोळे पुसायचे विसरून त्यांच्याकडे पाहत राहिली. नवसाला सावकारी म्हणणाऱ्या बाईंनी देवीची बाजू अशी सांभाळून घेतली की कोणा पुराणिकालाही साधले नसते.

मग बाई माझ्याकडे वळल्या.

"शास्त्रीणबाई, तुला ठाऊक होतं?"

"हो, बाई."

"त्या दिवशीच?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे कोण बोलणार, बाई?"

त्यांनी मान हलवली. "म्हणजे चुका दोन झाल्या," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही माझ्याच."

वकीलकाकू तेव्हा पुढे झाल्या. त्यांचेही डोळे ओले होते. "अहो, मग त्यात काय एवढं? मांडून टाका टेबलावर."

"नियम आहे."

"नियम तुमचाच!"

"माझा म्हणून मोडू? तुमच्या भाचीच्या टोपीला काय सांगू मग?"

"आता त्या टोपीला कशाला मध्ये आणता, बाई!"

"डावीकडचं मी उजवीकडे आणणार नाही. पण निवडणारी बदलली तर निवड पुन्हा होते." आणि बाई खुर्चीतून उठल्या. चार वर्षे त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसल्याचे मी पाहिले नव्हते. त्यांनी माझा दंड धरून मला त्यात बसवले, गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले आणि स्वतः छत्री टेकून समोर उभ्या राहिल्या, परीक्षेला आलेल्या मुलीसारख्या. "बघ. मान घासून बघ, बोट फिरवून बघ. आणि माझ्या तोंडाकडे बघू नकोस."

मी एकेक वस्तू उलटी केली. पहिल्या टोपड्याचे वर आलेले टोक सुईने आत घेतले. शेवटी म्हणाले, "पसंत."

"मोठ्यानं."

"पसंत, बाई."

त्या दिवसापासून बाईंनी पुन्हा कधी निवड केली नाही. मंडळाने पुष्कळ विनवले. दर वर्षी त्या येत, माझ्या मागे उभ्या राहत, चुळबुळत, एखादे वेळी घसा खाकरत. मी मागे वळले की छताकडे पाहत.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. ती मुलगी मुलाला घेऊन रात्री वकीलकाकूंकडे राहिली होती. सकाळपासून ती टेबलाच्या कोपऱ्याशी जमिनीवर बसून होती. एकेक वस्तू उचलली जाई तसे एकेक बोट मिटत जाई. दुपारपर्यंत दोन्ही मुठी मिटल्या. दहा झाले होते.

अकरावे, ते इवलेसे टोपडे, धाकट्याच्या डोक्यावर तसेच राहिले. दर वर्षी तसेच होई. पोटातल्या मुलासाठी आधी काही विकत घ्यायचे नाही, आणि जन्मलेल्याला बारशापर्यंत जुनेरच घालायचे, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे तान्ह्यांच्या वस्तूला गिऱ्हाईक नसे. बाई त्या रीतीवर दर वर्षी चिडत. त्या दिवशी चिडल्या नाहीत. मावळतीला टेबले आवरू लागलो तेव्हा ती मुलगी उठली.

"बाई, अकरा व्हयनात का?"

बाई खोटे बोलल्या नाहीत. "दहा झाले."

तिचा चेहरा उतरला.

"अकरावं डोकं ठरलेलं आहे," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्या धाकट्याच्या टोपड्याचे बंद सरळ करीत होत्या आणि माझ्याकडे त्यांनी चुकूनही पाहिले नाही. "फक्त यायला थोडा वेळ आहे. आलं की कळवीन. तुझ्या देवीला सांग, जबाबदारी माझ्याकडे आहे."

मी कोणाला सांगितले नव्हते. सकाळी ते टोपडे मांडताना माझा हात त्यावर जरा अधिक वेळ राहिला असेल, एवढेच. पण त्या मुलीने बाईंची खाली घातलेली नजर पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला. जाताना ती बाईंच्या पाया पडली आणि मग, का ते न सांगता, माझ्याही.

त्या वर्षी खोबऱ्याच्या वड्या दोनच नारळांच्या झाल्या. धाकटा बाईंनी फोडू दिला नाही. तो त्यांच्या कपाटात, माझ्या कुंकवाचा डाग आणि डोक्यावर फिके हिरवे टोपडे घेऊन सहा महिने बसून होता. मी त्यांच्याकडे जाई तेव्हा कपाट बंद असे. टोपड्याविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्या रीतीवर त्या आयुष्यभर चिडल्या, ती माझ्यासाठी त्यांनी महिनोन्महिने पाळली.

ज्येष्ठात मला मुलगा झाला. धुळ्याचा ज्येष्ठ म्हणजे भिंतीला हात लावला तर चटका बसावा. बाराव्या दिवशी, बायका जमण्याच्या पुष्कळ आधी, भर दुपारी बाई छत्री घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी धाकटा काढला. त्याच्या डोक्यावरचे टोपडे उतरवून उलटे केले, डोळ्यांजवळ नेले, आतून बोट फिरवले.

"बाई, या उन्हात लोकर?" सासूबाई म्हणाल्या.

"अकरा म्हणेपर्यंतच," बाई म्हणाल्या, आणि पाळण्यावर वाकून त्यांनी ते माझ्या मुलाच्या डोक्यावर चढवले. ते नीट बसले. बाई मोजू लागल्या. एक, दोन, तीन. इतक्या सावकाश आणि इतक्या स्पष्ट, की तसे मोजणे मी पुढे कोणा जपाच्या वेळीही ऐकले नाही. सातापर्यंत आल्या तेव्हा सासूबाई काजळाची डबी घेऊन वाकल्या.

"थांबा, तीट तरी लावते. एवढं सजवलंत लेकराला, दृष्ट लागेल."

बाईंनी मोजणे न तोडता त्यांचा हात हळूच बाजूला केला. आठ, नऊ, दहा, अकरा. मग म्हणाल्या, "नको. आत आहे."

टोपडे काढून त्यांनी माझ्या हाती दिले. धाकटा मात्र हातात धरून त्या जरा घुटमळल्या. त्यांच्या हातून ओटीत नारळ घालून घेण्याची रीत नव्हती. हे त्यांना ठाऊक होते आणि सासूबाईंनाही. सासूबाईंनी त्यांच्या हातातून नारळ घेतला, कुंकवाच्या जुन्या डागावर नवे कुंकू लावले आणि माझ्या ओटीत घातला.

"पोस्टकार्ड आणलं आहे," बाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "नरडाण्याचा पत्ता घालून ठेवलाय. तू लिही, मास्तरीणबाई वाचून दाखवतील. वर नमस्कार वगैरे नको."

मी टाक घेतला. मुलगा पाळण्यात झोपला होता. त्याच्या कपाळावर टोपड्याच्या कडेची बारीक लाल रेघ अजून दिसत होती. बाई त्या रेघेकडे पाहत सांगू लागल्या आणि मी लिहू लागले.

"मुलाचा खोकला कसा आहे ते कळवावे. अकरावे टोपडे आज घातले. डोक्याला नीट बसले." इथे त्या थांबल्या. मला वाटले, संपले. मी कार्ड टिपून घेणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केले.

"लिही. तीट जागेवर आहे."